दंडावरचा दुतोंड्या मारुती

महाशिवरात्रीला आमच्याकडे कुणी जेवत नाही, सगळे खातात. साबुदाण्याची खिचडी, वर दही, बटाट्याचा कीस, रताळ्याचे गोड काप, मधे एखादं केळं. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण शिवरात्रीलाही लागू पडते हे मला ठाऊक होतं, पण ते आकड्यांत दिसायला नऊ वर्षं जावी लागली. नऊ वर्षं मला मधुमेह आहे, टाइप टू, सकाळ-संध्याकाळ गोळ्या. या फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाले, "महिनाभर सेन्सर लावून बघू या," म्हणजे दंडावर बसवायचा, दिवसरात्र शुगर मोजून मोबाइलवर दाखवणारा, आणि पहिल्याच आठवड्यात शिवरात्र आली. खिचडीआधी शुगर १२६. सव्वा तासाने २४१. संध्याकाळी नाशिकच्या कपालेश्वर मंदिराच्या रांगेत उभी होते, तेव्हा रताळ्याच्या कृपेने पुन्हा २१८. त्या पंधरवड्यातलं सगळ्यात उंच शिखर उपासाच्या दिवशी!

सासूबाईंना मोबाइलवरचा आलेख दाखवला. त्या म्हणाल्या, "उपासाने कधी शुगर वाढते का? मशिन बिघडलंय तुझं."

मशिन बिघडलं नव्हतं. साबुदाणा म्हणजे कंदातला जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब माळा. आतड्यात त्या सुटायला वेळ लागत नाही. भाकरीतला कोंडा किंवा आमटीतली प्रथिनं जो ब्रेक लावतात, तो इथे नाही. शेंगदाण्याचं कूट तेवढं बिचारं एकटं लढतं.

सेन्सर दिसायला शर्टाच्या मोठ्या बटणासारखा. दंडाच्या मागच्या बाजूला एका झटक्यात बसतो, आणि त्याची केसासारखी लवचीक तार, पाच-एक मिलिमीटर, कातडीखाली राहते. दुखत नाही म्हटलं तर चालेल. त्रास वेगळाच असतो: ब्लाउजची बाही नेमकी तिथेच संपते. पहिल्या दोन दिवसांत मी तो दोनदा उचकटवत आणला होता. सिटीबसमध्ये एका बाईंनी विचारलं, "लस टोचली का हो?" भाजीवालीला वाटलं की सिमकार्ड आहे. मग मी कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाउज काढले, तेव्हा चौकशा थांबल्या.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे त्या तारेच्या टोकाला काय चाललंय हे मला त्या २४१पेक्षा जास्त खुणावत होतं. तिथे ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, बसवलेलं असतं. ते द्रवातला ग्लुकोजचा रेणू धरतं, त्याचे दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि सोडून देतं. ते इलेक्ट्रॉन तारेत उतरले की अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. ग्लुकोज जास्त तर प्रवाह जास्त. विकर आणि विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) यांची ही जोडी अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली मांडली. अंगावर वागवायचा पहिला सेन्सर मात्र १९९९ साली तिथे मान्य झाला, आणि त्याची गंमत अशी की तो लावणाऱ्याला काहीच दिसायचं नाही. तीन दिवसांची नोंद डॉक्टरांकडे उतरवून घेतली, की मग कळायचं परवा रात्री काय झालं ते.

हे विकर कुठून मिळतं ते वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन कांद्याची टोपली पाहून आले. कांद्याच्या सालीखाली जी काळी पूड दिसते, लासलगावच्या व्यापाऱ्यांची डोकेदुखी, ती ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी. ग्लुकोज ऑक्सिडेज कारखान्यात तयार करतात ते मुख्यतः याच बुरशीकडून. कांदा नासवणारी आणि माझी शुगर सांगणारी एकच.

आता मुख्य मुद्दा, ज्यावरून घराघरांत भांडणं होतात. सेन्सर लावून चार दिवस झाले की माणूस हमखास बोट टोचून जुन्या मशिनवर ताडून पाहतो. मीही पाहिलं. सेन्सर १७२, बोट १९८. लगेच निष्कर्ष: पैसे पाण्यात.

इथे मला दुतोंड्या मारुती आठवला. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: गोदाघाटावर रामकुंडापाशी दोन्ही बाजूंना तोंड असलेली मारुतीची उंच मूर्ती आहे, आणि पावसाळ्यात सगळं नाशिक पूर तिच्यावरून मोजतं. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं, गळ्याशी आलं. आता वर गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, तर मारुतीला ते कधी कळणार? पाणी घाटावर पोहोचेल तेव्हा. त्या क्षणी धरणावरचा माणूस एक सांगेल आणि मारुती दुसरंच. दोघंही खोटं बोलत नाहीत.

सेन्सर रक्तात नसतोच. तो असतो कातडीखाली, पेशींच्या मधल्या फटींत जो द्रव भरलेला असतो त्यात. साखर आधी रक्तात येते, मग केशवाहिन्यांच्या भिंतींतून या द्रवात झिरपते, आणि त्याला साधारण पाच ते पंधरा मिनिटं लागतात. शुगर स्थिर असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात. जेवणानंतर ती चढत असेल, तर बोट पुढे आणि सेन्सर मागे. उतरत असेल तर सेन्सर जास्त दाखवणार. माझं १७२ आणि १९८ हे वरणभात झाल्यावर चाळीस मिनिटांनी घेतलेलं होतं, म्हणजे ऐन चढावर. ताडून पाहायचंच असेल तर सकाळी उठल्यावर, स्वस्थ बसून पाहावं. शिवाय चांगल्या सेन्सरचाही आकडा सरासरी नऊ-दहा टक्क्यांनी इकडेतिकडे होतो, आणि पहिल्या दिवशी, तार नुकती टोचलेली असताना, तर त्याचं फार मनावर घेऊच नये.

माझा पुतण्या सतरा वर्षांचा आहे. त्याला नवव्या वर्षापासून टाइप वन आहे. त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन बनवतच नाही, रोज चार-पाच इंजेक्शनं. माझ्यासाठी सेन्सर हे कुतूहल आहे, त्याच्यासाठी रखवालदार. माझी ती बोट-सेन्सरची वही बघून तो म्हणाला, "काकू, आकडा काय बघत बसतेस? बाण बघ."

आकड्याशेजारी एक लहानसा बाण असतो. सरळ आडवा म्हणजे शुगर स्थिर. तिरका म्हणजे मिनिटाला एक ते दोन मिलिग्रॅमने बदलतेय, उभा म्हणजे त्याहून जोरात. ११० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. ११० आणि आडवा बाण असेल तर पोरगं खुशाल झोपेल. ११० आणि उभा खाली असेल तर वीस मिनिटांत ते सत्तरच्या खाली जाईल, हात थरथरतील, घाम फुटेल. मारुतीच्या कमरेला पाणी आहे एवढं ऐकून घाटावरचा दुकानदार माल हलवत नाही. तो विचारतो, चढतंय की उतरतंय? बोट टोचून हे कळत नाही, कारण एका बिंदूतून दिशा निघत नाही. सेन्सरची खरी कमाई ही.

तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, तिचीही अडचण तीच. ७ टक्के म्हणजे सरासरी साधारण १५४. पण सकाळ-संध्याकाळ दीडशेच्या आसपास चालणारा आणि साठ ते अडीचशे झोके घेणारा, दोघांचीही सरासरी १५४ येऊ शकते. रक्ताक्षय किंवा सिकलसेल असेल तर तो अहवाल मुळातच फसवा होतो, आणि सिकलसेल आपल्या सुरगाणा-पेठच्या आदिवासी पट्ट्याला अनोळखी नाही. म्हणून आता डॉक्टर विचारतात, दिवसातला किती वेळ ७० ते १८०च्या मधे गेला? २०१९ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून ठरवलेला सर्वसाधारण पल्ला असा: सत्तर टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे चोवीसपैकी जवळजवळ सतरा तास; आणि ७०च्या खाली चार टक्क्यांहून कमी, म्हणजे तासाभराच्या आत. वयस्कर आणि नाजूक माणसांना यात सूट असते.

रात्रींबद्दल थोडं सांगायला हवं. दहाव्या रात्री तीन वाजता मोबाइल कोकलला. शुगर ५८. नवरा धावत साखरपाणी घेऊन आला. मला ना घाम, ना धडधड. बोट टोचलं तर ११३. मी डाव्या कुशीवर झोपले होते आणि सेन्सर डाव्या दंडावर. अंगाचा भार पडला की तिथला द्रव दाबला जातो, ताजा पुरवठा अडतो, आणि आहे तेवढं ग्लुकोज आजूबाजूच्या पेशी व विकर संपवत राहतात. कूस बदलली, दहा-पंधरा मिनिटांत आकडा जागेवर. साखरपाणी नवऱ्याने प्यायलं, त्याला काही नाही.

पहाटेची भानगड उलटी. झोपताना ११८, उठताना १४६, मधे पाण्याचा घोटसुद्धा नाही. नऊ वर्षं घरात माझ्यावर संशय होता की मी रात्री उठून डब्यातले लाडू खाते. आलेखाने मला निर्दोष सोडलं: चढण बरोबर साडेचारला सुरू होते, लाडू बंद, मी अंथरुणात. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक वर असतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. धडधाकट माणसाचं इन्सुलिन ते सांभाळून घेतं, माझं नाही.

आणि द्राक्षं. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकमध्ये राहून द्राक्षं न खाणं हा मधुमेह्याला दिलेला खास छळ आहे. दिंडोरीहून पेटी आली. मी दीडशे ग्रॅम तोलून घेतली, म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम साखर. आलेख जेमतेम चाळीसने वर गेला. खिचडीने शंभराच्या वर उडी मारली होती! मी नाचायचीच बाकी होते, तेवढ्यात जुना अभ्यासक्रम आठवला. द्राक्षातली साखर निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज. आणि आपलं काळ्या बुरशीचं विकर फ्रुक्टोजला ओळखतच नाही. निम्मी साखर त्याच्या समोरून गेली आणि त्याने मानही वर केली नाही. ती जाते मुख्यतः यकृताकडे, आणि जास्त झाली तर तिथे तिची चरबी होते. तोलून खाल्लेल्या फळात फ्रुक्टोजचं प्रमाण फारसं नसतं, पण 'गुळाचा चहा मला चालतो, सेन्सरवर कमी दाखवतो' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. गूळ काय, साखर काय, दोन्हींत तीच निम्मानिम भागीदारी.

उलटा चकवाही आहे. सर्दी झाली म्हणून नवऱ्याच्या भाच्याने व्हिटॅमिन सीच्या पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या आणून दिल्या. व्हिटॅमिन सी इलेक्ट्रॉन द्यायला एका पायावर तयार असतं. काही सेन्सरांच्या तारेला मग ते इलेक्ट्रॉन ग्लुकोजचे की गोळीचे हे कळत नाही, आणि दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की आकडा उगाच फुगतो. टाइप टूच्या माणसाला त्याने फक्त रुखरुख लागेल. पण फुगलेल्या आकड्यावर कुणी इन्सुलिन टोचून घेतलं तर जिवावरची गोष्ट.

धाकट्या दिरांनी हा सगळा खटाटोप पाहून 'न टोचता शुगर सांगणारं' घड्याळ मागवलं होतं. मी ते त्यांच्या समोर नारळाला बांधलं. नारळाची शुगर १०४ आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्येच बजावलं आहे की नुसतं मनगटावर किंवा बोटात घालून शुगर मोजणारं एकही घड्याळ वा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही.

सेन्सर बारा महिने लावावा का? टाइप वनला, इन्सुलिन घेणाऱ्याला, शुगर खाली गेलेली न कळणाऱ्याला परवडत असेल तर जरूर. माझ्यासारख्या गोळ्यांवरच्या माणसाला वर्षातून एक-दोनदा पुरे. एकेकाला काही हजार रुपये लागतात आणि चौदा दिवसांत तो कचऱ्यात जातो. माझ्या दोन सेन्सरांनी एवढं पदरात पडलं: उपासाला भगर आणि दाण्याची आमटी, मिसळीत पाव एकच आणि आधी मटकी, जेवणानंतर गोदाघाटापर्यंत वीस मिनिटं चालणं. चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतात, आणि आलेखाचं टोक घासून बोथट झालेलं दिसतं.

दुसरा सेन्सर संपत आला तेव्हा रंगपंचमी होती. जुन्या नाशकात त्या दिवशी रहाडी उघडतात, पेशव्यांच्या काळचे जमिनीतले हौद, वर्षभर बुजवलेले. रंगीत पाण्यात उंचावरून धप्पा मारायचा. सेन्सर साधारण एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो असं खोक्यावर लिहिलेलं असतं. रहाड पुरुषभराहून खोल, आणि धप्प्याबद्दल खोक्यावर काही नसतं. पुतण्याने वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि उडी घेतली. वर आला तो नखशिखान्त केशरी, फक्त दंडावर एक गोल पांढरा ठिपका.

सकाळी इन्सुलिन घेतलेलं, मग मिसळ, मग दोन तास नाच. मी पर्समधून बोट टोचायचं मशिन काढलं. त्याला नळावर साबणाने तीनदा हात धुवायला लावले, कारण बोटाला गोडाचा कण असला तरी आकडा चढतो. आला ११८.

"छान आहे," मी म्हटलं.

"पण बाण कुठाय?"

आम्ही ओट्यावर बसून राहिलो. पंधरा मिनिटांनी दुसरं बोट. ९१. त्याने मनात भागाकार केला, "मिनिटाला पावणेदोन. तिरका खाली," आणि उठून समोरच्या रसवंतीकडे निघाला.

"अर्धा ग्लास घे," मी ओरडले.

"निम्मी फ्रुक्टोज आहे ना काकू," तो मागे न बघता म्हणाला, "पूर्ण घेतो."