ॲसिडिटीचं चूर्ण घ्यायला आलात? आधी एवढं वाचा

"पित्त झालंय, काहीतरी द्या" म्हणत बरेच जण दुकानात येतात, पण छातीत जळजळणं, आंबट ढेकर, घशाशी येणं हे वेगळं आणि अल्सर म्हणजे जठराला नाहीतर आतड्याला आतून जखम होणं हे वेगळं, दोन्हीला एकच पुडी चालत नाही.

तिखट खाल्लं, टेन्शन घेतलं म्हणून अल्सर झाला असं आपल्याकडे सगळेच म्हणतात, पण बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूमुळे किंवा सांधेदुखीच्या पेनकिलर रोज घेतल्याने होतात. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. बॅरी मार्शलनी तर १९८४ मध्ये हे जंतू स्वतः पिऊन बघितले आणि २००५ ला डॉ. रॉबिन वॉरनसोबत त्यांना नोबेल मिळालं. हा जंतू आमच्या कुठल्याच चूर्णाने जात नाही, अँटिबायोटिकचा कोर्सच लागतो, म्हणून आधी टेस्ट करून घ्या.

मग आम्ही ज्येष्ठमध कशाला देतो? पोटाच्या अस्तराला त्याचा आधार मिळतो, त्याच्यापासून बनवलेलं एक औषध पूर्वी इंग्लंडमध्ये डॉक्टर अल्सरला द्यायचे. पण जास्त दिवस घेतलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं, त्यामुळे बीपी, हार्ट, किडनीचे पेशंट आणि गरोदर बायकांना आम्ही ते देत नाही, कृपया आग्रह करू नका.

थंड दुधाने थोडा वेळ बरं वाटतं, नंतर परत ॲसिड सुटतं. खरा फरक पडतो तो रात्री. जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून सहा-आठ इंच उंची द्या (उशा रचू नका, पोट दुमडतं), डाव्या कुशीवर झोपा, आणि तंबाखू, मिश्री बंद. उपास म्हणून साबुदाणा वडे खाल्ले तरी ते तळलेलेच, पोटात जास्त वेळ राहतात आणि जळजळ वाढते.

शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं, घास अडकतोय, वजन उतरतंय, तर दुकानात नको, सरळ डॉक्टरकडे जा. छातीत दुखून घाम फुटला तर पित्त समजून बसू नका, ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

आणि येताना चालू गोळ्यांची पट्टी सोबत आणा, ती बघूनच आम्ही पुडी बांधतो.