औद्योगिक-संघटनात्मक मानसशास्त्रज्ञ : परवाना व प्रशिक्षण-मानके (अमेरिका)

कर्मचाऱ्यांची निवड, प्रशिक्षण, कार्यमूल्यमापन व नेतृत्वविकास या कामी मानसशास्त्राचा उपयोग करणाऱ्यांना कायद्याने परवाना सक्तीचा असावा काय आणि त्यांच्या शिक्षणाची मानके कोणी ठरवावीत, याविषयी अमेरिकेतील या व्यावसायिकांनी संघटितपणे घेतलेली भूमिका. मराठीत या शाखेसाठी ‘औद्योगिक मानसशास्त्र’ हे जुने नाव अद्याप रूढ आहे.

या संघटित प्रयत्नांचा आरंभ कोठे मानावा, याबाबत मतभेद आहेत. काही अभ्यासक तो मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या १९१२-१३ च्या सुमाराच्या लेखनापर्यंत, तर काही १९१७ मध्ये अमेरिकन सैन्यात सुरू झालेल्या वर्गीकरण व बुद्धिमापन कार्यापर्यंत मागे नेतात. मानसशास्त्रज्ञ जेम्स मकीन कॅटेल यांनी १९२१ मध्ये स्थापन केलेल्या ‘सायकॉलॉजिकल कॉर्पोरेशन’ या उपयोजित मानसशास्त्राच्या कंपनीचाही उल्लेख केला जातो. तथापि या तिन्ही घटना ज्ञानाच्या उपयोजनाच्या आहेत. व्यवसाय म्हणून आपले हितसंबंध व पात्रता ठरवण्याच्या नव्हेत. त्यामुळे १९३७ मध्ये स्थापन झालेली, उद्योग व व्यापार असा स्वतंत्र विभाग असलेली उपयोजित मानसशास्त्राची अमेरिकन संघटना हाच आरंभबिंदू अधिक ग्राह्य वाटतो. १९४५ च्या सुमारास ती अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन (एपीए) या मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेत विलीन झाली आणि एपीएचा चौदावा, म्हणजे औद्योगिक मानसशास्त्राचा विभाग अस्तित्वात आला. ब्रूस मूर हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. १९८२ मध्ये हा विभाग ‘सोसायटी फॉर इंडस्ट्रियल अँड ऑर्गनायझेशनल सायकॉलॉजी’ (सायॉप) या नावाने स्वतंत्रपणे नोंदला गेला.

परवान्याचे कायदे राज्यागणिक झाले. कनेक्टिकटने १९४५ मध्ये पहिला कायदा केला आणि १९७७ मध्ये मिसूरीच्या कायद्याने सर्व राज्यांची ही साखळी पूर्ण झाली. हे कायदे मुख्यतः रुग्णाच्या संरक्षणासाठी, म्हणजे एक उपचारक व एक रुग्ण हे नाते गृहीत धरून रचले गेले. औद्योगिक मानसशास्त्रज्ञाचा अशील मात्र बहुधा संस्था असते. परवानाधारकाच्या देखरेखीखाली ठरावीक तास काम करण्याची अट त्याला पाळणे अवघड जाते, कारण त्याच्या क्षेत्रात परवानाधारक वरिष्ठ कमी असतात. परवान्याच्या परीक्षेतही निदान व उपचार यांना मोठा वाटा असतो. शिवाय अनेक राज्यांत काम करणाऱ्या सल्लागाराला प्रत्येक राज्याचे नियम वेगळे सांभाळावे लागतात. म्हणून सायॉपची भूमिका दुपदरी राहिली : परवान्याची सक्ती नसावी, पण ज्याला तो हवा आहे त्याची वाटही अडवली जाऊ नये. ही भूमिका वरवर विसंगत भासली, तरी व्यवसायाच्या स्वरूपातून ती सरळ निघते. राज्यांच्या कायद्यांसाठी नमुना म्हणून एपीएने २०१० मध्ये केलेल्या आदर्श परवाना अधिनियमात आरोग्यसेवा देणारे आणि सामान्य उपयोजित मानसशास्त्रज्ञ असा भेद केला गेला, ही या मांडणीची महत्त्वाची दखल होय.

सक्तीला विरोध म्हणजे मानकांना विरोध नव्हे. ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर (१९७१) या खटल्यात, प्रत्यक्ष कामाशी संबंध दाखवता येत नसेल अशी चाचणी किंवा शैक्षणिक अट एखाद्या वंशगटाला बाहेर ठेवत असल्यास ती नागरी हक्क कायद्याशी विसंगत ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. चुकीची चाचणी माणसाची रोजीरोटी हिरावू शकते. म्हणूनच चौदाव्या विभागाने १९७५ मध्ये निवडपद्धतींच्या प्रामाण्याची (त्या योग्य तेच मोजतात हे सिद्ध करण्याची) तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांची पाचवी आवृत्ती २०१८ ची आहे. कर्मचारी-निवडीविषयी अमेरिकेच्या केंद्र सरकारची एकसमान मार्गदर्शक सूत्रे १९७८ मध्ये आली. शिक्षणाच्या बाबतीत एपीएची अधिस्वीकृती (अभ्यासक्रमांना दिली जाणारी अधिकृत मान्यता) आरोग्यसेवेशी निगडित शाखांपुरती असल्याने, पीएच.डी. व एम.ए. अभ्यासक्रमांसाठी सायॉपने स्वतःची मार्गदर्शक सूत्रे तयार केली. ती बंधनकारक नाहीत.

ब्रिटनने निराळी वाट धरली. तेथे २००९ पासून ‘ऑक्युपेशनल सायकॉलॉजिस्ट’ (औद्योगिक मानसशास्त्रज्ञ) हे पदनाम नोंदणीकृत व्यक्तींसाठी राखीव आहे. नुसता ‘सायकॉलॉजिस्ट’ हा शब्द मात्र राखीव नाही.

भारतात पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२ चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना लागू होतो आणि संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ चा केंद्रीय अधिनियम आहे. दोहोंचा रोख पुनर्वसन व आरोग्यसेवेकडे आहे. मुंबई विद्यापीठासह काही विद्यापीठांत औद्योगिक मानसशास्त्र पदव्युत्तर पातळीवर शिकवले जाते.