खुडूक कोंबडी, डालगं आणि साठचा बल्ब

नाशिकमध्ये हल्ली गच्चीवर, रो-हाउसच्या मागच्या पट्टीत किंवा मळ्यातल्या घराशेजारी पाच-दहा गावरान पिल्लं पाळायची टूम निघाली आहे. पिल्लं येतात एका दिवसाची, पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या खोक्यातून, आईविना. मग पहिली धावपळ उबेची. आपल्या आज्यांना ही काळजी कधी करावी लागली नाही. आता ती का करावी लागते, हे समजून घ्यायचं तर कोंबडीच्या खुडूक बसण्यापासून, म्हणजे अंडी उबवायला बसण्यापासून, सुरुवात करावी लागेल.

आपल्या अंगणातली कोंबडी मुळात आशियातल्या तांबड्या रानकोंबड्याची वंशज. पण तिच्या पिवळ्या पायांमागचा जनुक सह्याद्रीत आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आला असावा, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं. आपल्याकडे ‘गावरान’ नावाची एकच ठरीव जात कधी नव्हती. तांबडी, काळी, ठिपक्यांची, उघड्या मानेची, तुऱ्याची अशी सगळी मिसळ एका खुराड्यात नांदायची. ज्या कोंबड्या घारीतून, मुंगसातून, मानमोडीच्या साथीतून वाचल्या त्यांचीच पुढची पिढी आली. निवड माणसाने कमी आणि परिस्थितीने जास्त केली.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, हरसूल या पट्ट्यात ही कोंबडी घराच्या अर्थकारणात होती, आणि ते अर्थकारण बाईच्या हातात होतं. मीठमिरचीला, दवाखान्याला, पोराच्या वहीला पैसे लागले की बाजाराला जाताना कोंबडा काखेत. वाघबारशीला, डोंगऱ्या देवाला, नवसाला तोच. पाहुणा आला तरी तोच, आणि आखाडात तर त्याचा भाव विचारायलाच नको. कोंबडी विकत घ्यायची ऐपत नसेल तर शेजारणीची तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, वाट्याने आणायची आणि पिल्लं निम्मी-निम्मी करायची. भांडवल असं चालतं-फिरतं होतं.

हे सगळं उभं होतं ते खुडूकपणावर. दहा-पंधरा अंडी घातली की कोंबडी अंड्यांवरून उठेनाशी होते. पिसं फुलवते, हात जवळ नेला की कुरकुरते, टोचते. पोटाखालची पिसं झडून कातडी उघडी पडते, म्हणजे अंड्याला थेट अंगाची ऊब लागते. अशीला टोपलीत पेंढा घालून दहा-बारा अंड्यांवर बसवायचं. दिवसातून एकदा ती दाण्यापाण्याला आणि विष्ठेला उठते, पुन्हा येऊन बसते. अंडी चोचीने उलटीपालटी करायचं कामही तीच करते. एकविसाव्या दिवशी पिल्लं. नंतर काही दिवस रात्री डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, दिवसा आईमागे. दाणा म्हणून तांदळाची कणी. आदिवासी पाड्यांवर तर गाडग्यात शेण-पालापाचोळा भरून ते जमिनीवर उपडं ठेवतात आणि लागलेली वाळवी पिल्लांपुढे झटकतात. आजच्या भाषेत प्रथिनयुक्त खाद्य, खर्च शून्य.

हिशेबाच्या दृष्टीने मात्र ही कोंबडी आतबट्ट्याची. वर्षाला साठ-सत्तर अंडी, आणि खुडूक बसली की पिल्लं सुटी होईपर्यंत अंडी बंद. लेगहॉर्नसारख्या जातींतून निवड करत करत खुडूकपणा जवळजवळ काढून टाकला गेला, कारण बसून राहणारी कोंबडी म्हणजे धंद्याचं नुकसान. वर्षाला तीनशे अंड्यांच्या आसपास जाणाऱ्या संकरित कोंबड्या याच वाटेने तयार झाल्या. १९६०च्या दशकात त्या भारतात स्थिरावू लागल्या. १९७१ साली पुण्यात बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, १९८२ साली अंड्यांच्या भावासाठी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती (एनईसीसी) आली. पिल्लू ही घरात निपजणारी गोष्ट न राहता उबवणी केंद्रातून आणायची वस्तू झाली. नाशिक जिल्ह्यात पुढे ब्रॉयलरच्या शेड आणि कंपनीशी कराराची पद्धत रुजली, तो वेगळा विषय.

मधल्या वाटेवर आल्या गिरिराजा आणि वनराजा. पहिली बंगळुरूची, १९८९ सालची. दुसरी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन प्रकल्पाची. रंगीत पिसं, दणकट अंग, अंगणात फिरून खाणारी, अंडी गावरानच्या जवळपास दुप्पट. सरकारी योजनांतून ही पिल्लं गावोगाव वाटली गेली. माझ्या मते योजना वाईट नव्हती, पण एक गोष्ट ठळकपणे सांगितली गेली नाही: या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत, आणि त्यांच्या अंड्यांतून निघालेल्या पिढीत आईबापांचे गुण टिकत नाहीत. म्हणजे दर खेपेला पिल्लं विकतच. शिवाय त्यांचे कोंबडे गावातल्या कोंबड्यांत मिसळले. आज नाशिकला गंगेकाठच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात तांबूस पिसं पाहून ‘गावरान’ म्हणून जे घेतलं जातं, त्यातलं कितपत गावरान असतं हे विकणाराही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

आपल्या विभागाची नोंदणीकृत जात मात्र आहे: बुसरा. नंदुरबार-धुळे आणि लगतच्या गुजरातेतली. नाशिकमध्ये तिचं नाव फारसं कुणी काढत नाही. कडकनाथ सगळ्यांना ठाऊक. बुसराच्याच मुलखात, नवापूरला, १८ फेब्रुवारी २००६ रोजी देशातल्या पहिल्या बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब झालं. शेडमधल्या लाखो पक्ष्यांबरोबर परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. महिन्याभरात जळगावच्या काही गावांतही तेच. शेडवाल्याला नवी खेप मागवता येते. परसातली पिढ्यान्‌पिढ्यांची मिसळ एकदा गेली की कुठल्या हॅचरीकडे मागायची?

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेला. काळ्या मांसाच्या गाजावाजात पिल्लांचे भाव भडकले, आणि २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रात हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडवणारं प्रकरण बाहेर आलं. हीही कोंबडी अंड्यांवर धड बसत नाही. तिची अंडी दुसरीखाली ठेवावी लागतात.

तरीही परसातली कोंबडी संपली नाही. २०१९च्या पशुगणनेत देशात ३१ कोटी ७० लाखांवर परसातले पक्षी मोजले गेले, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास ४६ टक्के जास्त.

शहरात मात्र आईचं काम माणसाकडे आलं. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. साठ वॉटचा पिवळा बल्ब त्यासाठीच. एलईडीने ऊब मिळत नाही. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी, कडेला पंख पसरून धापत असली तर उष्मा. निफाडच्या बाजूला जानेवारीत पारा पाच अंशांखाली उतरतो, त्या रात्री वीज गेली तर पिल्लं ढीग करून खालची गुदमरतात. मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा, डोळ्यात टाकायचा लासोटा लशीचा पहिला थेंब पाचव्या ते सातव्या दिवशी. पण लशीची कुपी शंभर पिल्लांची आणि विरघळवली की काही तासांत संपवायची. दहा पिल्लंवाल्याने शेजारपाजारच्यांना गाठून एकाच दिवशी उरकणं बरं.

जाणते लोक अजून जुनी युक्ती वापरतात. हॅचरीची एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री खुडूक कोंबडीखाली सारतात. सकाळी ती बहुधा आपलीच समजून त्यांना घेऊन उकिरड्यावर जाते. त्यासाठी घरात एक तरी खरी गावरान हवी. वनराजाच्या दहा तलंगांत अशी एखादी निघाली तर नशीब.