हेल्मेटसक्तीच्या मुळाशी एक डॉक्टर

हेल्मेट म्हटलं की आपल्याकडे चौकातला मामा आणि पावती आठवते. विषयाचा उगम मात्र इस्पितळातला आहे.

१३ मे १९३५. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये मोटारसायकलवरून चालले होते. समोर सायकलवरची दोन मुलं आली. त्यांना चुकवताना लॉरेन्स फेकले गेले, डोक्याला जबर मार लागला आणि सहा दिवसांनी ते गेले. उपचारांसाठी बोलावलेल्या डॉक्टरांत मेंदूचे सर्जन ह्यू केर्न्स होते. अपघातातल्या डोक्याच्या मारावर पुढे त्यांनी अभ्यास केला. १९४१ च्या त्यांच्या लेखातला हिशोब असा: महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्यामागे बसलेले दगावले, सर्वाधिक डोक्याच्या इजेने. हेल्मेट घातलेले जखमी त्यांना सापडले अवघे सात, आणि सातही वाचले. सात म्हणजे पुरावा तसा तोकडाच. तरी त्याच नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक केलं. नागरिकांसाठी नियम यायला मात्र १९७३ उजाडलं.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ आहे. चालवणारा आणि मागचा, दोघांनाही लागू, पगडीधारी शिखांना सूट. अंमलबजावणीचा जोर वाढला की वर्तमानपत्रांत शब्द येतो 'हेल्मेटसक्ती', आणि निम्मं भांडण त्या शब्दातच असतं. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात पोलिसांनी कारवाई सुरू केली तेव्हा निषेधाचे मोर्चे निघाले. आमचा विरोध हेल्मेटला नाही, सक्तीला आहे, हा युक्तिवाद अस्सल पुणेरी! मान दुखते, केस गळतात, शहरात वेग असतो कुठे, हे जोडीला होतंच. दरम्यान हेल्मेट आरशाला किंवा कोपरात लटकलेलं. डोक्यावर असलं तरी पट्टा मोकळा. असं हेल्मेट धडकेत डोक्याआधी रस्त्यावर पडतं. आतला थर्माकोलसारखा थर दबून धक्का झेलतो, पण त्यासाठी ते डोक्यावर टिकायला हवं. जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी घटतो.

आयएसआय शिक्का नसलेली हेल्मेटं विकायला बंदी आली जून २०२१ पासून. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, देशात हेल्मेट न घातलेले सुमारे ५० हजार जण रस्ते अपघातांत दगावले. त्यातले १४ हजारांवर मागच्या सीटवर बसलेले होते.