निवृत्त जिम्नॅस्टच्या दुखण्यांमागचा इतिहास

विशीत खेळ सोडायचा आणि पुढे जन्मभर कंबर, मनगटे, घोटे सांभाळत बसायचे, ही जिम्नॅस्टची तऱ्हा फार जुनी नाही. जिम्नॅस्टिक्स हा व्यायाम मुळात पदकांसाठी सुरू झालाच नव्हता. फ्रीडरिश लुडविग यान यांनी १८११ मध्ये बर्लिनला हासेनहायडेच्या मोकळ्या मैदानावर तरुणांना काटक बनवण्यासाठी तो सुरू केला. पेर हेनरिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला काढलेल्या संस्थेत तर व्यायाम हाच उपचार होता. आजच्या फिजिओथेरपीचे एक मूळ तिथे आहे. १८८१ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ उभा करणारे निकोलास कुपेरुस स्पर्धांच्या विरोधात होते. त्यांचे कोणी फारसे ऐकले नाही, हे उघडच आहे.

स्पर्धा आल्या तरी बराच काळ त्या प्रौढांच्याच होत्या. अ‍ॅग्नेस केलेती या हंगेरियन जिम्नॅस्टने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके जिंकली तेव्हा त्या ३५ वर्षांच्या होत्या. सत्तरच्या दशकात चित्र पालटले. १९७६ मध्ये माँट्रियलला पैकीच्या पैकी गुण मिळवणारी नादिया कोमानेची अवघी १४ वर्षांची होती. मुलींसाठी किमान वय १६ व्हायला १९९७ उजाडले.

म्हणजे सगळ्यात कठीण कसरती नेमक्या हाडे वाढण्याच्या वयात आल्या. त्याच १९७६ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी १०० तरुण जिम्नॅस्ट मुलींचे एक्स-रे तपासले. त्यांतल्या ११ जणींच्या कमरेच्या शेवटच्या मणक्याला दोन्ही बाजूंनी तडा होता. सतत मागे वाकणे आणि त्याच स्थितीत आदळणे, हे त्याचे मुख्य कारण. मनगटाचे तसेच. हातांवर अख्खे शरीर पेलताना अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची वाढ खुंटू शकते, शेजारचे हाड तुलनेने लांब राहते आणि तिशीत साधे जोर काढतानाही करंगळीच्या बाजूला कळ येते.

खेळत असताना हे बरेचसे झाकलेले असते, कारण सैल सांध्यांना कमावलेले स्नायू धरून ठेवतात. सराव सुटला की स्नायू काही महिन्यांत उतरतात. सांधे मात्र सैलच राहतात. आखडल्यासारखे वाटले की जुन्या सवयीने स्ट्रेचिंग करायचे, हा बहुतेकांचा पहिला उपाय. माझ्या मते तिथेच गाडे चुकते. लवचिकता त्यांच्याकडे गरजेपेक्षा जास्तच असते, कमी पडते ती ताकद.

उपचारांची दिशाही उशिराच बदलली. दुखापतीला विश्रांती आणि बर्फ हे सूत्र १९७८ मध्ये अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी रुजवले, पुढे बर्फाबद्दलचे मत त्यांनी स्वतःच बदलले. स्वीडनच्या हाकन अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये अकिलीस टेंडनच्या, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड दोरीसारख्या भागाच्या, जुनाट दुखण्यावर पायरीच्या कडेला उभे राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम दिला, तोही वजन वाढवत बारा आठवडे. दुखऱ्या भागाला बेताने काम द्यायचे, हा विचार त्यानंतर पक्का झाला. रात्री झोपमोड करणारी कंबर किंवा पायात उतरणारा बधिरपणा मात्र आधी डॉक्टरांनाच दाखवावा.

जमेची बाजूही आहे. लहानपणच्या उड्यांनी हाडे घट्ट होतात आणि तो फायदा निवृत्तीनंतरही बराच टिकतो, असे अभ्यासांत आढळले आहे. शिवाय स्पर्धेबाहेरचे जिम्नॅस्टिक्स संपलेले नाही. १९५३ मध्ये रॉटरडॅमला सुरू झालेला जागतिक जिम्नाएस्त्रादा हा जिम्नॅस्टिक्सचा मेळावा दर चार वर्षांनी भरतो. त्यात गुण नसतात, पंच नसतात आणि पिकल्या केसांचे संघही मैदानात उतरतात.