पिवळ्या झेंड्याखालचा वेग

5 ऑक्टोबर 2014. जपानमधल्या सुझुका ट्रॅकवर पाऊस लागला होता आणि फॉर्म्युला वनची शर्यत संपत आली होती. एका वळणावर आड्रियान सुटिलची गाडी घसरून कठड्याला धडकली. ती उचलायला क्रेन आली, मार्शल म्हणजे ट्रॅकवरचे सुरक्षा-कर्मचारी ट्रॅकलगत उतरले, धोक्याची सूचना देणारे दोन-दोन पिवळे झेंडे हलू लागले. पुढच्याच फेरीत त्याच वळणावर ज्यूल्स बियांकीची गाडी घसरली आणि थेट त्या क्रेनवर जाऊन आदळली. बियांकी त्यातून वाचला नाही. जुलै 2015 मध्ये त्याचं निधन झालं. चौकशी समितीचा निष्कर्ष असा होता की झेंडे दिसत असताना त्याने वेग पुरेसा कमी केला नव्हता.

हा ठपका त्या तरुण चालकावर एकट्यावर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. दोन पिवळे झेंडे म्हणजे वेग बराच कमी करा, थांबायची तयारी ठेवा, एवढंच नियम सांगत होता. ‘बराच’ म्हणजे किती, ते ज्याने त्याने ठरवायचं. आणि शर्यतीत प्रत्येकाला माहीत असतं की आपण जास्त वेग सोडला तर मागचा जवळ येणार. सगळेच जेमतेम वेग सोडत होते.

धडकेच्या क्षणी बियांकीचा वेग ताशी 126 किमी होता, म्हणजे सेकंदाला 35 मीटर. हवेचा रोध सोडून दिला, तर सुमारे 62 मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर याच वेगाने आपटते. वीस मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली येण्याइतकं हे झालं. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून तोच वेग निम्मा असता तर ऊर्जा चौथ्या हिश्शावर आली असती. ट्रॅकच्या कडेचे टायरचे कठडे दबतात, गाडीला थांबायला थोडं अंतर देतात, आणि त्या अंतरात ऊर्जा जिरते. साडेसहा टनांची क्रेन दबत नाही.

दोन्ही गाड्या एकाच जागी घसरल्या, हा योगायोग नव्हता. झेंडा एका अपघाताची बातमी देतो, तसा त्याच्या कारणाचाही इशारा देतो, आणि ते कारण बहुतेक वेळा तिथंच असतं: साचलेलं पाणी, सांडलेलं तेल, विखुरलेले तुकडे. त्यात या गाड्यांची एक अडचण आहे. त्यांची पकड नुसत्या टायरवर नसते. पंख आणि गाडीचा तळ हवेच्या जोरावर गाडीला खाली दाबतात, आणि हा दाबही वेगाच्या वर्गाने वाढतो. गाडी सरळ धावते आहे तोवर तो मिळतो. ती आडवी फिरली की हवा पंखांवर हवी तशी येत नाही आणि दाब एकदम कमी होतो. पकड सगळ्यात जास्त हवी असते नेमकी तेव्हाच ती निसटते. म्हणून वेग कमी करायचा तो घसरण्याच्या आधी. नंतर चालकाच्या हाती फारसं काही उरत नाही.

चालकाला वाचवण्यात अभियंत्यांनी मोठी मजल मारली आहे. हेल्मेट खांद्यांशी जखडणारं हॅन्स हे साधन फॉर्म्युला वनमध्ये 2003 पासून सक्तीचं झालं, कॉकपिटवरची टायटॅनियमची कमान म्हणजे हेलो 2018 पासून. 2020 मध्ये बहरीनला रोमाँ ग्रोजाँची गाडी लोखंडी कठडा फाडून आत घुसली, दोन तुकडे होऊन पेटली. धक्का गुरुत्वाकर्षणाच्या 67 पट होता. ग्रोजाँ जवळपास अर्धा मिनिट आगीत होता आणि स्वतःच्या पायांनी बाहेर आला.

मार्शलला यातलं काही नसतं. हातात झेंडा किंवा अग्निशामक, आणि अंगावर कपडे. 1977 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामी ट्रॅकवर एक तरुण मार्शल बंद पडलेल्या गाडीची आग विझवायला ट्रॅक ओलांडून धावला. चढामुळे तो दिसलाच नाही, आणि टॉम प्राइसच्या गाडीने त्याला पूर्ण वेगात उडवलं. मार्शलच्या हातातलं अग्निशामक प्राइसच्या डोक्यावर आदळलं. दोघेही जागीच गेले. ट्रॅकवर उतरलेल्या माणसाला वाचवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे दुसऱ्याने वेळेवर उचललेला पाय. पिवळ्या झेंड्याचा नियम मला शर्यतीतला सगळ्यात महत्त्वाचा नियम वाटतो तो यासाठी.

सुझुकानंतर नियमातला ‘बराच’ हा शब्द पुरेसा नाही हे आयोजकांना कळलं. 2015 पासून व्हर्च्युअल सेफ्टी कार नावाची व्यवस्था आली, नावात कार असली तरी ती गाडी नव्हे. ती लागू झाली की ट्रॅकच्या प्रत्येक टप्प्यासाठी किमान वेळ ठरते, ती चालकाच्या स्टिअरिंगवरच्या पडद्यावर दिसते, आणि त्याहून लवकर टप्पा पार केला की दंड होऊ शकतो. सगळ्यांनाच सारखा वेग कमी करावा लागत असल्याने कुणाचा तोटा होत नाही, आणि मागचा जवळ येईल ही भीतीही जाते. माझ्या दृष्टीने या नियमाचं खरं यश तेच. टायर बदलायला गाड्या जिथं येतात त्या पिट लेनमधली वेगमर्यादा, सहसा ताशी 80 किमी, अशीच चालते. तिथं आकडा आहे, म्हणून वाद नाही.

साधा पिवळा झेंडा असतो तिथं मात्र अजून चालकाचा विवेक आणि स्टुअर्डचा, म्हणजे शर्यतीच्या पंचाचा, निवाडा लागतो. स्टुअर्डकडे पुरावा भरपूर असतो: ॲक्सिलरेटर कधी सोडला, ब्रेक किती दाबला, त्या टप्प्याला किती वेळ लागला, सगळं गाडीतूनच नोंदलं जातं. 2019 मध्ये मेक्सिकोत मॅक्स वर्स्टापेनने पात्रता फेरीत, म्हणजे शर्यत कोण कुठून सुरू करणार हे ठरवणाऱ्या फेरीत, पिवळा झेंडा असताना वेग सोडला नाही, आणि पत्रकारांसमोर तसं सांगितलंही. त्याचं पहिलं स्थान गेलं, तो तीन जागा मागे ढकलला गेला. 2021 मध्ये कतारला दोन पिवळ्या झेंड्यांसाठी त्याला पाच जागांचा दंड झाला, तर त्याच फेरीत एका झेंड्यासाठी वाल्टेरी बोटासला तीन जागांचा. धोक्याच्या प्रमाणात दंड, ही दिशा योग्य आहे.

2022 मध्ये पुन्हा सुझुका, पुन्हा पाऊस. गाड्या धावत असताना ट्रॅकवर क्रेन आणली गेली, आणि तिच्याजवळून जावं लागलेला पिएर गॅस्ली संतापला. त्याचा संताप रास्त होता. पण तिथून पुढे गेल्यावर, शर्यत थांबवणारा लाल झेंडा लागलेला असताना, त्याने ताशी 250 किमीपर्यंत वेग नेला होता. त्याबद्दल त्याच्या वेळेत 20 सेकंद वाढवले गेले आणि परवान्यावर 2 दंडगुण लागले. बारा महिन्यांत असे 12 गुण झाले की एका शर्यतीची बंदी येते. ही व्यवस्था 2014 पासून आहे, आणि तिच्यामुळे बाहेर बसणारा पहिला चालक ठरला केविन मॅग्नसन, 2024 मध्ये. दुसऱ्या गाडीला धडक दिली तरी साधारण 2च गुण लागतात. पण त्या दुसऱ्या गाडीतल्या माणसाभोवती कार्बन फायबरचं कवच असतं. झेंडा डावलणाऱ्यासमोर उघड्यावर उभा असलेला माणूस असू शकतो. त्याच्या हिशेबाने 2 गुण फार कमी आहेत.