जननपेशींतील मेथिलीकरण ‘पुसले’ जाते, म्हणजे नेमके काय होते?

फलित अंड्यात एक केंद्रक मातेकडून व एक पित्याकडून येते; दोन्ही केंद्रके मातेकडची किंवा दोन्ही पित्याकडची असलेले उंदराचे गर्भ पूर्ण वाढत नाहीत, हे 1984 मध्ये दिसले. 1991 मध्ये पहिली ठसांकित जनुके, म्हणजे ज्यांची माता-पित्यांपैकी एकाकडचीच प्रत काम करते अशी जनुके, हाती आली आणि पुढे हा ठसा डीएनएला चिकटणाऱ्या मिथाइल या छोट्या रासायनिक गटांशी (म्हणजे मेथिलीकरणाशी) जोडला गेला. प्रत्येक पिढीत तो जिवाच्या लिंगानुसार नव्याने उमटायचा, तर जुना आधी जायलाच हवा. तो आद्य जननपेशींत, म्हणजे ज्यांपासून पुढे शुक्राणू व बीजांडे बनतात त्या गर्भातील पेशींत, जातो.

कसा जातो, यावर मात्र दीर्घ वाद झाला. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत, उंदराच्या गर्भातील या पेशींत साडेअकराव्या ते साडेबाराव्या दिवसादरम्यान ठसांकित जनुकांवरील मिथाइल गट झपाट्याने नाहीसे झालेले आढळले. एका दिवसातला हा फरक केवळ पेशीविभाजनाने पडणार नाही, तेव्हा एखादे विकर (एन्झाइम) ते गट काढून टाकत असावे, असा तर्क झाला. 2009 मध्ये मिथाइल गटाचे ऑक्सिडीकरण करणारी टेट विकरे ओळखली गेली आणि पुसणारा सापडलाच, असे अनेकांना वाटले.

पुढे संपूर्ण जीनोमचे, म्हणजे पेशीतील सगळ्या डीएनएचे, मेथिलीकरण वाचता येऊ लागले, तेव्हा चित्र बदलले. बरीचशी घट त्याआधीच, आठव्या दिवसानंतर या पेशींची संख्या वाढत असताना होते, कारण डीएनएच्या नव्या धाग्यावर मिथाइल गटांच्या जुन्या खुणा उतरवून घेणारी यंत्रणा तेव्हा मंदावलेली असते. खुणा कोणी खोडत नाही, त्या प्रत्येक विभाजनागणिक विरळ होतात. टेट विकरांचे काम उरते ते मुख्यतः काही ठसांकित आणि अर्धसूत्री विभाजनाच्या (शुक्राणू-बीजांडे बनताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या) जनुकांपुरते, आणि तेथेही टेट-1 हे विकर खुणा काढण्यापेक्षा त्या परत चढू न देण्यासाठी अधिक लागते, असे 2018 मध्ये दाखवले गेले. म्हणून ‘पुसणे’ हा शब्द मला दिशाभूल करणारा वाटतो. ‘विरळ होणे’ वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहे.

साडेतेराव्या दिवसापर्यंत उंदराच्या या पेशींतील मेथिलीकरण दहा टक्क्यांखाली येते. नरात नव्या खुणा जन्माआधीच चढू लागतात, मादीत जन्मानंतर, वाढत्या बीजांडांत. मानवी गर्भातही अशीच घट होते, हे 2015 मध्ये स्पष्ट झाले. पण काहीच उरत नाही, असे नाही: उंदरात आयएपी या फिरत्या डीएनए-घटकांवरील मेथिलीकरण बऱ्याच अंशी टिकते. अर्जित गुणांच्या वारशाचे दावे करताना याच अवशेषांकडे बोट दाखवले जाते. परंतु हे घटक जागे झाले तर जीनोममध्ये इतरत्र घुसून जनुके बिघडवू शकतात, आणि त्यांच्यावरील खुणा टिकण्यामागे हे संरक्षण हेच अधिक पटणारे कारण आहे.